बेसा भागात नवीन मंडळी (चर्च) सुरू केली आहे. धीर कुठवर धरायचा?

बेसा_सेवक

ख्रिस्तामध्ये सर्वांना सलाम.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही बेसा-बेलतरोडी भागात मराठी उपासना सुरू केली. नागपुरातल्या जुन्या मंडळ्या सदर, मेकोसाबाग अशा भागांत आहेत. इकडे मिहान या उद्योग-प्रकल्पामुळे नवीन फ्लॅट झाले आणि तरुण कुटुंबं राहायला आली. रविवारी सकाळी दोन लहान मुलांना तयार करून शहराच्या त्या टोकाला जाणं त्यांना जमत नाही. आधी एखादा रविवार सुटतो, मग महिने सुटतात. आमच्या मूळ मंडळीने हे ओळखलं आणि मला पाळक (धर्मगुरू) म्हणून इकडे पाठवलं.

आम्ही भाड्याने राहतो त्याच घरातल्या हॉलमध्ये जमतो. शनिवारी रात्री सोफा आतल्या खोलीत सरकवायचा, सतरंजी टाकायची, वयस्कर लोकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. बायको शाळेत शिकवते आणि घर मुख्यतः तिच्या पगारावर चालतं. मला मूळ मंडळीकडून थोडं मानधन मिळतं. उपस्थिती कधी चौदा, कधी सहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे गावी गेले तेव्हा आम्ही दोघं, आमची मुलगी आणि एक निवृत्त नर्सबाई एवढेच असायचो.

मी निराश झालेलो नाही, पण तीन गोष्टी मनाला लागून राहिल्या आहेत. एक म्हणजे मूळ मंडळीच्या कमिटीला दर तिमाहीला फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात उपस्थिती, बाप्तिस्मे, दान असे रकाने आहेत. मागच्या सभेत एकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाळकसाहेब, मंडळी उभी कधी राहणार?" मला नीट उत्तर देता आलं नाही. दुसरं, सुरुवातीपासून येणारं एक तरुण जोडपं आता दुसऱ्या एका मोठ्या मंडळीत जातं. तिथे बँड आहे, मुलांसाठी वेगळे वर्ग आहेत. दोघं घरी येऊन, चहा पिऊन, आदराने सांगून गेले. त्या दिवशी बायको रडली.

तिसरी गोष्ट मात्र निर्णयाची आहे. एक गृहस्थ आहेत, चांगल्या नोकरीत, देवभीरू. ते सध्या दुसऱ्या मंडळीत जातात. त्यांचं म्हणणं असं, की मी चार-पाच कुटुंबं घेऊन तुमच्याकडे येतो, साउंड सिस्टिम देतो, मेन रोडवर हॉल घेऊ, त्याचा अ‍ॅडव्हान्स मी भरतो. त्यांची एकच इच्छा आहे, की आत्ताच वडील (म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे पुढारी) म्हणून त्यांची नेमणूक व्हावी आणि हिशेब त्यांच्याकडे असावा. माणूस वाईट नाही, हे मी मनापासून लिहितो आहे.

काय करावं? आणि आपण धीर धरतो आहोत की नुसते बसून आहोत, हे ओळखायचं कसं? अनुभवी लोकांनी कृपया लिहावं.

---

मानकापूरची_ताई

भाऊ, सलाम. मी पाळक नाही आणि पाळकाची बायको पण नाही. मी समोर बसून ऐकणारी. कोराडी रोडकडे आमची मंडळी सुरू झाली तेव्हा पहिल्या चार-पाच घरांत आमचं घर होतं, म्हणून लिहिते.

तुम्ही माणसं मोजून राहिले, पण सतरंजीवर बसणाऱ्याच्या डोक्यात तो आकडा नसतो. आपण एका रविवारी गेलो नाही तर कोणाच्या लक्षात येते का, हे तो पाहतो. माझी आई दवाखान्यात भरती होती तेव्हा आमचे पाळक रात्री डबा घेऊन आले. भावाला म्हणाले, तू घरी जाऊन आंघोळ कर, थोडं झोप, मी बसतो इथे. आणि खरंच बसले. रक्त लागलं तर रक्तपेढीतही तेच गेले. मोठ्या मंडळीतले पाळकही प्रेमळ असतात, पण त्यांच्याकडे शेकडो घरं. ते येतील तेव्हा आईला सुट्टी झालेली असेल. तुमच्याकडे आज ही जी सवड आहे ती पुढे राहणार नाही. जी सहा माणसं आहेत त्यांच्या घरातली प्रत्येक गोष्ट आत्ताच माहीत करून घ्या. कोणाचा मुलगा दहावीला आहे, कोणाच्या घरी सासऱ्यांना उपासना पसंत नाही, कोणाचा कामाचा करार मार्चमध्ये संपतो, सगळं.

ते जोडपं गेलं, त्याचं वाईट वाटणारच. आमच्यातलंही एक घर असंच गेलं होतं. पण नाताळच्या कॅरोलच्या फेरीत त्यांचं घर आम्ही कधी गाळलं नाही. दर वर्षी गेलो, गायलो, त्यांनी दिलेला चिवडा खाल्ला आणि परत आलो. "परत या" असं कोणी म्हटलं नाही. पुढे त्यांच्या घरी संकट आलं तेव्हा त्यांनी पहिला फोन आमच्या पाळकांना केला. आज ते आमच्याकडे येतात. तुमचं जोडपं येईलच असं मी म्हणत नाही, पण त्यांच्यासाठी दार बंद करू नका.

आता वहिनींबद्दल. हे कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. शनिवारी सोफा ओढायचा, रविवारी सगळ्यांचा चहा, सोमवारी सकाळी शाळा. तुम्ही जो धीर धरून राहिले त्याचा अर्धा भार त्यांच्या अंगावर आहे. चहाचं काम या रविवारपासून वाटून द्या. एक रविवार एक घर, दूध-साखर त्यांचीच. लोकांना ओझं वाटेल असं समजू नका. हातात काही काम असलं की माणूस आपला होतो. महिन्यातून एक रविवार उपासना दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवता आली तर अजून बरं. त्या दिवशी वहिनी पाहुण्यासारख्या जाऊन बसतील.

शेजाऱ्यांचंही पहा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं, "तुमच्याकडे दर रविवारी काय असते?" आमच्या पाळकांनी त्यांना आत बोलावलं, बसवलं, काय गातो आणि काय वाचतो ते दाखवलं. उपासनेच्या वेळी दार कधी लावायचं नाही, हे तेव्हापासून ठरलं.

---

नवी_वाट

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा.

"धीर धरा" हे सांगणं सोपं आहे. माझ्या ओळखीतली एक मंडळी वर्षानुवर्षं एका खोलीत बसली. तीच माणसं, तेच भजन, तोच कोपरा. पाळक थकले आणि एक दिवस बंद झालं. मधल्या काळात त्यांना कोणी विचारलंच नाही, की बाबा, पुढे काय? सगळे म्हणत राहिले, देवाच्या वेळेची वाट पाहू.

दुसरं म्हणजे घरातली उपासना तुम्हाला जिव्हाळ्याची वाटते, पण नवीन माणूस अनोळखी फ्लॅटची बेल वाजवत नाही. मेन रोडवर बोर्ड असेल तर जाता-येता तो वाचतो, एखाद्या रविवारी पायऱ्या चढतो. चार कुटुंबं आली तर मुलं येतील, संडे स्कूल खऱ्या अर्थाने सुरू होईल. तुमचं जे जोडपं गेलं ते मुलांच्या वर्गांसाठीच गेलं असणार.

आणि शास्त्राचं म्हणाल तर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 14:23 पाहा. पौल आणि बर्णबा या प्रेषितांनी लुस्त्र, इकुन्य, अंत्युखिया इथे मंडळ्या स्थापल्या आणि परतीच्या वाटेवर लगेच प्रत्येक मंडळीत वडील नेमले. त्यांनी काही दहा वर्षं वाट पाहिली नाही. म्हणून माझं मत असं, की त्या गृहस्थांना येऊ द्या, पण अटी लेखी करा. आणि एक मुदत ठरवा. समजा पुढच्या ईस्टरपर्यंत आसपासच्या इमारतींतून एकही नवीन घर जोडलं गेलं नाही, तर जागा बदला, वेळ बदला, पद्धत बदला. मुदत नसलेला धीर मला घातक वाटतो.

---

काटोलकर_पाळक (निवृत्त)

प्रिय बंधू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझी सगळी सेवा काटोल-नरखेड भागात आणि नंतर नागपूरच्या कडेच्या वस्त्यांत झाली. त्या आधाराने लिहितो, आणि आधी निर्णयाचं बोलतो.

त्या गृहस्थांना आत्ता वडील नेमू नका. पण त्यांना नाकारूही नका. त्यांना सांगा, या, बायको-मुलांना घेऊन या, आमच्याबरोबर सतरंजीवर बसा. मात्र आधी त्यांच्या सध्याच्या पाळकांशी बोला, आणि ते त्यांच्या माहितीने बोला, पाठीमागे नको. ते का निघत आहेत, तिथे काही दुखावलं आहे का, हे कळलं पाहिजे. दुखावलेला माणूस त्याच मंडळीत जाऊन समेट करील तर तो तुमचा मोठा विजय आहे, जरी तुमच्या सतरंजीवर एकही माणूस वाढला नाही तरी. आणि ती चार-पाच कुटुंबं आज कुठल्या तरी बाकांवर बसतात ना? ती इकडे आली तर तिकडचे बाक रिकामे होतील. तुमच्या फॉर्मवरचा आकडा वाढेल, पण तुम्हाला ज्यांच्यासाठी पाठवलं ती रविवार सुटलेली कुटुंबं तिथेच, आपापल्या फ्लॅटमध्ये राहतील.

आता कृत्ये 14:23. 'नवी वाट' यांनी वचन बरोबर दिलं आहे, पण त्याच्या आधीचं वचनही वाचा. पौलाला लुस्त्रात दगडमार झाला होता. मेला असं समजून लोकांनी त्याला नगराबाहेर ओढून टाकलं होतं. त्या गावांत जे विश्वासात टिकून राहिले होते त्यांच्यातूनच परतीच्या वेळी वडील नेमले गेले, तेही उपास आणि प्रार्थना करून. ती माणसं आगीतून गेली होती आणि सगळ्यांनी ते पाहिलं होतं. साधनं घेऊन बाहेरून आलेल्या कोणाला तिथे नेमलेलं नाही. पुढे तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सांगतो, की नवशिक्याला अध्यक्ष करू नकोस, सेवकांची आधी पारख होऊ दे, कोणावर हात ठेवायची घाई करू नकोस. अनेक नगरांत मंडळ्यांची ये-जा पाहिलेल्या माणसाचा हा सल्ला आहे. तुमचे गृहस्थ नवशिके नसतील, पण तुमच्या मंडळीला ते नवीन आहेत. खुर्च्या मांडणं, आजाऱ्याला भेटणं, मतभेद झाला तर कसं बोलतात, हे सगळं तुमच्या सहा माणसांना दिसू द्या. निदान एक वर्ष. खरोखर सेवा करायची असेल तर ते थांबतील.

हॉलचंही यातच आलं. अ‍ॅडव्हान्स एकदा भरायचा असतो, भाडं दर महिन्याला. ज्याने अ‍ॅडव्हान्स भरला त्याच्याकडेच हिशेब, आणि तोच वडील, म्हणजे उद्या तुम्हाला त्याला प्रेमाने काही सांगायची वेळ आली तर तोंड उघडणार नाही. मंडळी ज्या दिवशी स्वतःच्या दानातून भाडं देऊ शकेल त्या दिवशी हॉल घ्या. तोपर्यंत घर पुरेसं आहे. फिलेमोनाच्या घरात मंडळी जमत होती, करिंथात तीत युस्ताच्या घरात.

करिंथाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पौल एका जागी न थांबणारा माणूस. तरी करिंथात तो दीड वर्ष राहिला, इफिसात सुमारे तीन वर्षं. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता, म्हणजे पोटापाण्याचं काम चालूच होतं. तुमच्या घरात आज बायकोच्या पगारावर संसार चालतो, त्याची लाज बाळगू नका. आणि तिथे प्रभूने त्याला रात्री जे सांगितलं ते मला फार आवडतं: भिऊ नको, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. ते लोक अजून पौलाला दिसलेही नव्हते. प्रभूला मात्र ते माहीत होते. बेसाच्या त्या इमारतींकडे पाहताना हे वचन मनात असू द्या.

आपल्या नागपूरचंच घ्या. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले आणि पुढच्या वर्षी शाळा सुरू केली. 4 सप्टेंबर 1863 ला बुटीबोरीजवळच्या टाकळघाट इथली शिलावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं 1883 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. ते त्यांनी पाहिलं नाही. तुमच्या कमिटीचा तिमाही फॉर्म त्यांना 1847 साली भरायला लावला असता तर त्यात काय लिहिलं गेलं असतं?

आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. उत्तर भारतातल्या मंडळ्यांनी एक व्हावं म्हणून बोलणी सुरू झाली 1929 मध्ये. ऐक्य झालं 29 नोव्हेंबर 1970 ला, आपल्याच सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. एक्केचाळीस वर्षं लागली. सहा मंडळ्या एक झाल्या, आणि अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाजूला राहिले. मेकोसाबागेतली मंडळी म्हणूनच आजही मेथडिस्ट आहे. इतकी वाट पाहूनही सगळे आले नाहीत. जे आले त्यांच्यासाठी ती वाट पाहणं वाया गेलं असं मात्र कोणी म्हणणार नाही.

टिळकांच्या घरातली गोष्ट तर मराठी ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. ज्या कवीची भजनं आपण दर रविवारी गातो त्याला स्वतःच्या घरातल्या माणसासाठी पाच वर्षं थांबावं लागलं. त्या काळात लक्ष्मीबाईंनी काय सोसलं हे आठवलं की मला नवीन कुटुंबांना घाई करायचा धीरच होत नाही. बाप्तिस्म्याच्या रकान्यात एक अंक वाढवण्यासाठी कोणाच्या घरात वेळेआधी आग लावू नका. ज्याच्या घरचे विरोधात आहेत त्याला घरच्यांशी बोलायला वेळ द्या, जमलं तर त्याच्याबरोबर जाऊन बसा.

आता तुमचा खरा प्रश्न, धीर की नुसतं बसणं.

आमची काटोलकडे संत्र्याची बाग होती. पावसाळ्यात कलमं लावली की चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरायचं. त्याआधी एखाद्या झाडाला फळ लागलं तर माझे वडील ते लहान असतानाच तोडून टाकायचे, कारण झाडाला अजून खोड धरायचं असतं. बहारासाठी पाणी तोडून ताण देतात तो वाढलेल्या झाडांना, लहान कलमांना कोणी ताण देत नाही. पण त्या चार वर्षांत वडील घरी बसले नव्हते. आळी करणं, जंबेरीच्या खुंटातून फुटणारे फुटवे काढणं, उन्हाळ्यात पाणी, आणि ओळींच्या मधल्या जागेत हरभरा. बाहेरून पाहणाऱ्याला बागेत काही नाही असं वाटायचं. वडील मात्र रोज संध्याकाळी थकून घरी यायचे.

तेच तुम्हाला विचारतो. मागच्या महिन्यात कोणाच्या घरी गेलात, हे आठवायला वेळ लागतो का? सहा माणसं येतील म्हणून प्रवचनाची तयारी कमी करता का? उपासना ठरलेल्या मिनिटाला सुरू होते, की "अजून दोघं येतील" म्हणून थांबता? मागच्या वर्षी ज्याला मोठ्याने प्रार्थना करता येत नव्हती असं कोणी आज करतं का? त्या नर्सबाईंच्या हातात काही दिलं आहे का, की त्या फक्त येऊन बसतात? इतकी वर्षं रुग्णसेवा केलेली बाई आहे. इमारतीतल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब तपासायला महिन्यातून एक सकाळ बसल्या तर शेजार किती जोडला जाईल! त्यात प्रार्थनेची सक्ती नको, पत्रकं नको, नुसती सेवा. या प्रश्नांची उत्तरं बरी येत असतील तर निश्चिंत राहा. येत नसतील तर मेन रोडचा हॉल घेऊनही काही होणार नाही.

'नवी वाट' यांची मुदतीची सूचना मला पटते. फक्त मुदत जागेला आणि पद्धतीला लावा, माणसांना लावू नका.

---

हिशेबनीस

मी मंडळीचा खजिनदार आहे, म्हणून तेवढ्याच बाजूने लिहितो.

आज तुम्ही मूळ मंडळीचा भाग आहात, तर वेगळा ट्रस्ट करायची घाई करू नका. दान मूळ मंडळीच्या खात्यात जाऊ द्या, पावती त्यांची, आणि तुमच्या उपासनेचं स्वतंत्र पान ठेवा. दान उपासना संपल्यावर तिथेच दोघांनी मिळून मोजायचं, दोघांनी सही करायची. पाळकांनी त्याला हात लावू नये. सहा माणसं असतानाच ही सवय लावली तर पुढे कोणावर शंका घ्यायची वेळ येत नाही.

पुढे नोंदणी करायची झाली तर संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली धर्मादाय कार्यालयात नोंद. एकदा विश्वस्त म्हणून कोणाचं नाव चढलं आणि पुढे ते बदललं, की बदलापासून नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि समोरच्याने हरकत घेतली तर प्रकरण लांबतं. म्हणूनही त्या गृहस्थांच्या बाबतीत काटोलकर पाळकसाहेब म्हणतात ते खरं आहे. घाईने चढवलेलं नाव सहज उतरत नाही.

भाडेकरार काढून वाचा. त्यात फक्त राहण्यासाठी असं लिहिलं असेल तर घरमालकांशी आत्ताच बोला, त्यांनी कोणाकडून तरी ऐकण्याआधी. आवाजाचं म्हणाल तर निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. हॉलमधल्या उपासनेला स्पीकर लागतच नाही. पेटी आणि ढोलकी पुरते. साउंड सिस्टिमचं दान आत्ता स्वीकारलं तर ती ठेवायची कुठे, हाही प्रश्न आहेच.

---

बेसा_सेवक

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं, काय बोलू! बायकोनेही सगळं वाचलं. ताई, चहाची यादी काल फ्रिजवर लागली. नोव्हेंबरचे सगळे रविवार भरले, आमचं नाव त्यात नाही.

त्या गृहस्थांना भेटलो. पाळकसाहेबांनी लिहिलं तसंच सांगितलं, या, बसा, नेमणुकीचं नंतर पाहू, आणि तुमच्या पाळकांशी मी बोलू का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांच्याशी माझं दोन वर्षांपासून नीट बोलणं नाही." तेव्हा कळलं. मी म्हटलं, चला, मी तुमच्याबरोबर येतो. अजून हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. ते आमच्याकडे आले नाहीत तरी चालेल, ती भेट व्हावी अशी प्रार्थना करतो आहे. तुम्हीही करा.

नर्सबाईंना रक्तदाबाचं विचारलं तर त्यांचा चेहरा उजळला. "मशीन माझंच आहे," म्हणाल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींशी त्या स्वतःच बोलणार आहेत.

एक राहिलं. तिमाही फॉर्म परवा द्यायचा आहे. बाप्तिस्म्याच्या रकान्यात शून्य आहे, उपस्थितीची सरासरी मागच्यापेक्षा कमी. काय लिहू?

---

काटोलकर_पाळक (निवृत्त)

शून्य असेल तर शून्यच लिहा, ठळक लिहा. सरासरी आहे ती लिहा. त्याखाली आजारी भेटी, घरभेटी, कोण नव्याने वचन वाचू लागलं, कोणी कोणतं काम हातात घेतलं, ते नावं न देता साध्या वाक्यांत लिहा. अर्धं पान पुरे. आणि शेवटी विनंती करा, की कमिटीच्या दोन सभासदांनी पुढच्या तीन महिन्यांत एका रविवारी बेसाला यावं, सतरंजीवर बसावं, आणि उपासनेनंतर तुमच्याबरोबर दोन घरभेटींना चालावं. ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांनाच आधी बोलवा. त्यांनी मंडळीच्या काळजीनेच विचारलं असणार.

---

नवी_वाट

मान्य. मात्र ईस्टरनंतरची आढावा सभा सोडू नका, तारीख आत्ताच मागून ठेवा.

---

बेसा_सेवक

मागितली. कमिटीने ईस्टरनंतरचा दुसरा शनिवार दिला आहे, आणि ज्यांनी प्रश्न विचारला होता ते डिसेंबरच्या पहिल्या रविवारी येतो म्हणाले आहेत. त्या दिवशी चहा बेलतरोडीच्या घराकडे आहे. कॅरोलच्या फेरीत त्या जोडप्याचं घरही घेतलं आहे.